समासातली निळी पेन्सिल

पेपर येतो साडेअकराच्या पवनी गाडीनं.
कंडक्टर खिडकीतूनच गठ्ठा फेकतो.
तोवर दसारामजी काटेखाये
वाचनालयाच्या पायरीवर बसून
ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत असतात.

पहिलं पान ते नुसतंच उलटतात.
निवडणूक, अपघात, सोन्याचा भाव, त्यांच्या कामाचं नाही.
त्यांना लागतो आतल्या पानाचा खालचा कोपरा,
जिथं कुणाला तरी उरलेली जागा भरायची असते:
कुठलं विधेयक, कुठलं यंत्र,
कुठल्या कोर्टानं कुठल्या कंपनीला काय विचारलं.

‘वर्तमानपत्रावर लिहू नये’ ही पाटी मीच रंगवली.
दर टिपेला एक रुपया दंड, तोही माझाच.
दसारामजी सोमवारी पाच रुपये आगाऊ ठेवतात.

परवा लंडनची बातमी होती.
तिथल्या सरकारला म्हणे
लोकांच्या कुलूपबंद निरोपांची एक किल्ली हवी,
फक्त चोर पकडायला.
समासात निळं अक्षर:
‘किल्ली चोराले वळखत नाही. शिपायालेबी नाही.’

चेहरा पाहून खाऊ वाटणाऱ्या यंत्राशेजारी:
‘लेकरू रडत असन, त कोनता चेहरा धरावा?’

सगळंच पटतं असं नाही.
यंत्रानं निकाल द्यावा का, या लेखाखाली त्यांनी लिहिलं,
‘देऊ द्या. तलाठ्याहून लवकर देईन.’
मी तिथं लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं
आणि माझाही एक रुपया डब्यात टाकला.
पोरांना फोनबंदी, यावर ‘बराबर’, खाली दोन रेघा.
त्यांचा नातू त्या वेळी पायरीवर
त्यांच्याच फोनवर मॅच पाहत होता.

मग वरून पत्र आलं.
रजिस्टर बंद, आता ॲप.
कोण आलं, काय वाचलं, किती वेळ बसलं,
रोज फोटोसह भरायचं.
मी फोन धरला. ‘दसारामजी, इकडं पाहा.’
त्यांनी पाहिलं नाही.
‘मी काय वाचतो, थे कोन वाचनार?’
मला माहीत नव्हतं. पत्रातही नव्हतं.

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी एक्सचेंजचं सांगितलं.
तालुक्याचं, पन्नास लायनींचं,
पितळी टोकाच्या दोऱ्या, कानावर गरम होणारा हेडफोन.
‘जोडून देल्यावर हॅलो आयकू येतेच, बाई.
मंग बोटानं खटका वर करा लागे.
आयकू येनं आन् आयकनं,
यात येका बोटाचा फरक.
तेवढ्याच बोटाचा पगार भेटे आमाले.’

‘कधी वर केलाच नाही, असं?’
बराच वेळ पंखा फिरत राहिला.
‘येकडाव.
भंडाऱ्याचा कॉल होता, बाईमानसाचा.
काय आयकलो, थे सांगनार नाही.
बाजाराच्या दिवशी दिसे थे.
मी रस्ता बदलो.
तिनं कधी इचारलं नाही, तिले मालूमच नव्हतं.
मालूम असतं, त शिव्या तरी देल्या असत्या.’

खिशातून एक रुपया काढून त्यांनी टेबलावर ठेवला.
कशाचा, मी विचारलं नाही.
त्या दिवशी त्यांनी पेपरवर काही लिहिलं नव्हतं.

माझ्या हातात फोन तसाच.
पडद्यावर चौकट: ‘मी सहमत आहे.’
दुसरी चौकट नाहीच.
त्यांच्या वतीनं मीच दाबायचं होतं,
अंगठा तिथपर्यंत गेलाही,
आणि रेंज गेली, जशी दुपारी जातेच इथं.

मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.
नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘वाचक’.
वेळेच्या रकान्यात, ‘हाये’.
मग चष्मा पुसत म्हणाले,
‘आतलं पान दे ना वो,
त्या कोर्टाचं काय झालं पायतो.’