माप

बाई, तुला एक विचारायचं होतं.
दर वर्षी तू झगा शिवून न्यायचीस
मंदिरात ठेवून आलेल्या पोरासाठी.
माप कसं घ्यायचीस?
वर्षभर न पाहिलेले खांदे
कशावर धरायचीस, वितीवर, की झोपेत?

सोळा वर्षं मी रविवारशाळेत तुझी गोष्ट सांगते.
फळ्यावर झगा काढते, दोन बाह्या, आत कुणी नाही.
पोरं हसतात, मग चिक्की वाटते.
मापाचं कुणी विचारलं नाही. मलाही नाही सुचलं.

माझंही तुझ्यासारखंच.
मिशनच्या दवाखान्यात अकरा नंबरची खाट,
हानोख तीन वर्षांचा, ताप डोक्यात चढलेला,
बाहेर महू टपटपत होता,
नर्सबाई थर्मामीटर झटकून गप्प उभी.
मी म्हणाले, वाचला तर तुझा.
तीन शब्द.
त्याच्या बापालाही सांगितले नाहीत.
पहाटे पोराने पेज मागितली.

आता तो एकोणीसचा.
विसरवाडीला हायवेवर इंजिनं खोलतो.
रविवारी ट्रक जास्त येतात, म्हणतो.
भक्ती सुटली की शलोमीबाई पदर सावरत विचारतात,
"हानोख दिसला नाही?"
मी म्हणते, ड्युटी.
पाळक म्हणतात, "लेकरासाठी गुडघे झिजवा, बहीण."
झिजवते.
पण गुडघ्यांवर असताना
तूरडाळ करपल्याचा वास येतो, मी उठते,
आणि उठल्याचं बरं वाटतं.
हेही कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी उपासाच्या सभेत बायका साक्ष देतात.
कुणाची गाठ विरघळली, कुणाचा नवरा दारू सोडून
पेटी वाजवायला लागला.
माझी पाळी आली की मी म्हणते, देव भला आहे.
भलाच आहे.
सावकारासारखा तो दारात उभा राहत नाही,
म्हणून मीच उभी राहते त्याच्या वतीने
पोराच्या दारात, रोज.

आमच्या नवापूर स्टेशनात एक बाक आहे,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.
तिथे मी हानोखला पाजलं होतं,
डोकं एका राज्यात, पाय दुसऱ्यात.
तेव्हा कुणी विचारलं नाही, हा कुणाचा.

परवा सांगून टाकलं.
तो मोरीत रॉकेलने हात धूत होता.
ऐकलं सगळं. नळ बंद केला.
"याहा, मला विचारलं होतंस?"
"तू तीन वर्षांचा होतास."
"मग त्यालाच विचार,
मिस्त्री चालतो का म्हणावं."
आणि हसला. आणि जेवला, चार भाकरी नागलीच्या.
मी मात्र रात्रभर
चोरी पकडल्यासारखी जागी.

सकाळी त्याचा मळका शर्ट
नव्या कापडावर पसरला.
कॉलरला ग्रीस, खिशात एक नट,
धुतल्यावरही न जाणारा त्याचा वास.
खडूने रेघ ओढत गेले.
खांदा दोन बोटं वाढलाय.
एका घरात राहून मला कळलं नाही, बाई,
मी फक्त त्याच्या आत्म्याकडे बघत होते.

कुणासाठी शिवतेय, विचारू नकोस.
शिवणीत जागा ठेवलीय थोडी,
पुढे उसवता येईल इतकी.