दोन नळ्या

मार्च सरत आला तरी सॅगिनॉतला बर्फ हटेना.
नडीन गाडीखाली उताणी;
गंजके बोल्ट रात्रभर तेल पिऊनही
अडून बसलेले.

सायलेन्सर निवडायला तिनं बापाला नेलं होतं.
तीस वर्षं प्रेसपाशी उभं राहून
वर्लिनचे कान कारखान्यातच राहिले.
दुकानदार एकेकाचा आवाज ऐकवत गेला,
म्हातारा त्याचे ओठ पाहत राहिला.
मग म्हणाला, "जाड पत्र्याचा दे."

आता मागे दोन नळ्या,
पोटाखाली एक आडवी, दाब वाटून घ्यायला.
डावी बोटभर लोंबतेय. लोंबू दे.

किल्ली फिरते. वर्लिन वाकतो,
हातमोजा काढून धुरासमोर तळवा धरतो:
उजवीशी, डावीशी,
परत डावीशी.

"ही अडखळतेय," तो म्हणतो,
"ऐकू येत नाही तुला?"