काळी चारच्या जरा खाली

"तासाला साठ दिरहम," त्या म्हणाल्या,
"तबला वेगळा."
मी हो-हो करत निघाले
आणि जिना उतरेपर्यंत हिशेब झाला:
एका फॉलचे सात,
म्हणजे तासभर गाण्यासाठी नऊ साड्या.

मग आठल्येबाई. कराडच्या.
वय अठ्ठ्याहत्तर, फी म्हणजे महिन्याचं रिचार्ज.
अजमानहून व्हॉट्सॅपचा कॉल लागत नाही,
म्हणून शिकवणी तुकड्यातुकड्यांनी येते,
दोन-दोन मिनिटांच्या निरोपांतून:
सा, मग खोकला, मग पुन्हा सा,
मागून भंगारवाला ओरडत जातो
तोही बऱ्यापैकी सुरात.

"तानपुरा लाव," म्हणाल्या.
फोनमधला फुकटचा तानपुरा
मध्येच थांबून मला
दुबईत फ्लॅट घ्यायला सांगायचा,
एक टक्का हप्त्याने.

तेव्हा कुठे फ्रिजकडे लक्ष गेलं.
एका इजिप्शियन कुटुंबाने जाताना दीडशेला विकलेला,
दारावर त्यांच्या पोराने चिकटवलेला घोडा
अजून तसाच.
रेकॉर्ड करून पाठवली त्याची घरघर.
संध्याकाळी उत्तर आलं:
"पांढरी पाचच्या जरा वर,
काळी चारच्या जरा खाली.
पेटीत नाही गं हा स्वर.
पण हलत नाही. माणसांपेक्षा बरा.
धर."

धरला.

पार्टिशनपलीकडे मारिविक. बेकरीत रात्रपाळी,
दुपारी चारला उठते.
तिचा अलार्म वाजला की माझा रियाज.
खालचा कुंजुमोन अंड्यांचे रिकामे ट्रे जपून ठेवतो;
बावीस झाले, प्लायवूडवर चिकटवलेत.
दिगंबर म्हणतो, खुराड्यात राहिल्यासारखं वाटतं.
वाटू दे.

फ्रिज आठेक मिनिटं घुमतो
आणि अंग झटकून गप्प होतो.
तेवढा वेळ सा एकटीने न्यायचा,
काठोकाठ भरलेला टोप घेऊन
अंधारात जिना चढावा तसा.
तो पुन्हा सुरू झाला की कळतं
किती सांडलं.
रोज सांडायचं.
कधी वर, बहुतेकदा खाली.

डिसेंबरात पंचाईत.
हवा गार, फ्रिजला कामच उरेना.
मी गरम वरणाचं पातेलं आत ठेवू लागले,
की बिचारा लगेच गायला बसायचा.
दिगंबरने विजेचं बिल पाहिलं, मग वरण पाहिलं,
मग माझ्याकडे.
बोलला काहीच नाही.
दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास बघते तर
उकळत्या पाण्याचा टोप आत,
खाली दुमडलेला त्याचा जुना बनियन.

गेल्या बुधवारी, भर ऑगस्टात,
अख्ख्या इमारतीची लाइट गेली.
एसी, लिफ्ट, पाण्याची मोटर, समोरची लाँड्री
सगळं एका दमात थांबलं,
आणि त्या शांततेत कळलं
की सगळी नुऐमिया इतकी वर्षं
त्या एकाच घरघरीत राहत होती
आणि मला वाटायचं तो माझा फ्रिज.

मनवा वहीने वारा घालत होती, स्वतःला, मग मला.
भिंतीपलीकडे मारिविक तिच्या भाषेत
कुणाला तरी शिव्या देत होती.
मी सा लावला.
घाम डोळ्यांत, फोनमध्ये सतरा टक्के.
दोन मिनिटं पाच सेकंद.
लाइट यायच्या आत पाठवूनही टाकला,
म्हणजे ताडून बघायची सोयच नको.

बाईंचा निरोप रात्री नऊला आला.
आधी नुसता खोकला.
मग पेटीचा भाता, एक पट्टी, बराच वेळ.
मग:
"काळी चारच लागली गं आज.
पण मागे फ्रिज का ऐकू येत नाही?
दूध तापवून ठेवलंस ना?"