बिजागरी

बोर्गोतल्या तिसऱ्या मजल्यावर
स्वयंपाकघराचं दार कुरकुरत होतं, म्हणून मला बोलावलं.
पाटीवर: तेओदोरो कार्डिनल ब्रिझ्झी.
हुद्दा असा मधोमध,
नाव आणि आडनाव यांच्या फटीत.
मला वाटलं, पाटी रंगवणाराच चुकला.

म्हातारा हसला. "जुनी रीत आहे.
लॅटिनमध्ये कार्दो म्हणजे बिजागरी.
एक पातं नावाला ठोकलेलं, एक आडनावाला.
शिवाय मोठं दार आमच्यावर फिरतं,
असं म्हणतात."

खाली चौकात माणसं धुराड्याकडे बघत उभी.
आतले कालच आत गेले, किल्ली फिरली.
याला ऐंशी उलटून तीन वर्षं झाली होती,
मत गेलेलं.
लाल टोपी पावाच्या डब्यावर.

मी सुतार. चाळीस वर्षांत कळलं ते एवढंच:
बिजागरी आत जात नाही,
बाहेरही येत नाही.
कुरकुरते ती,
लोक दाराला नावं ठेवतात.

वरची गंजून धरली होती.
म्हटलं, "मॉन्सिन्योर..." मग जीभ चावली, "एमिनेन्झा,
जरा दार धरता?"
त्यानं बाह्या सारल्या,
खांदा लावला.
हात थरथरत होते, दार नाही.

मी खिळा ठोकून काढला, तेल सोडलं.
तेवढ्यात खाली एकदम गलका.
काळा की पांढरा?
खिडकी त्याच्या पाठीशी होती,
आणि वळता येत नव्हतं;
सगळं दार त्याच्या हातात होतं.