नऊची फेरी

शाबा न्हावी बोटीवर लागला, इटलीच्या की कुठल्या.
जाताना वस्तरा ठेवून गेला सोप्यावर, चामड्याच्या पट्ट्यासकट.
"वहिनी, त्याला दुसरं चालायचं नाही."
खरंच होतं. प्लॅस्टिकचं रेझर गालाला लागलं की
हा तोंड भिंतीकडे फिरवायचा,
उरलेल्या अर्ध्या अंगाचा सगळा जोर लावून.

तर मी शिकले.
पहिल्या दिवशी पट्टाच कापला.
पाठ पुढे, धार मागे, वळायचं तेही पाठीवरच:
शाबानं एका दमात सांगितलं होतं,
मनगटाला समजायला आठ दिवस लागले.
मग फुगे, चवथीच्या माटोळीखालचे उरलेले, वर साबणाचा फेस.
दोन फुटले. तिसरा कोरडा निघाला तेव्हा
शेजारची पिएदाद वयीवरून म्हणाली,
"फुग्याक खाड ना गो, शालन!"

मला सवय विळीची. विळी जागची हलत नाही,
आपण नेतो पात्याकडे, बांगडा असो की शेवटा.
इथे चेहरा जागेवर, चालायचं पात्यानं.
चाळीस वर्षांचा हात उलटा करून घेतला.

केस कुठून कुठे उगवतात ते बोटांनी वाचलं.
गालावर खाली, हनुवटीखाली तिरके,
आणि मानेवर, डाव्या बाजूला, एक भोवरा.
एकतीस वर्षांचा संसार, मला ठाऊक नव्हता.
शाबाला होता.

कातडी ताणली. पातं जवळजवळ आडवं.
कंठमणी वर गेला, खाली आला.
मी थांबले. त्यानं आवंढा गिळून घेतला.
बोलता येत नाही, डोळे मात्र उघडे,
माझ्याकडे नाहीत, पात्याकडेही नाहीत.

तेवढ्यात धक्क्यावर भोंगा.
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण,
सुकाणू धरून झिजलेला माणूस;
मान आपसूक नदीकडे वळली.
रेघ बारीक, रक्त भरपूर.
तुरटी दाबून धरली तर "हूं" म्हणाला,
चांगला रागावलेला "हूं".
उरलेली दाढी दुपारी केली.

आता उजवा गाल आधी घेते, मग हनुवटी,
आणि नऊला दोन मिनिटं कमी असताना
वस्तरा उचलून हवेत धरते.
भोंगा होतो. तो वळतो.
फेरी अर्ध्या पात्रात जाईस्तोवर बघत राहतो,
हातावरचा फेस सुकायला लागतो.
मग स्वतःच मान वर करतो.
मग गळा.