कोणाच्या घरी

बदलीनंतरचा पहिला रविवार.
अचलपुरात ओळखीचं कोणी नाही,
म्हणून दुल्हा दरवाजापासून सुरुवात केली.

मोजणी खात्यातली सवय, पावलं मोजत चालते.
कमानीखाली बावीस झाली.
तेविसाव्याला एक बकरी,
दिव्याच्या कोनाड्यात चढून
रवंथ करत बसलेली.

"कोनाच्या घरी जाचं हाय, बाई?"
ट्यूब पाण्यात बुडवत मुश्ताक पंक्चरवाला.
कोणाच्याच नाही म्हटलं, तर तो
बुडबुड्यांकडे बघत राहिला
भोक सापडेपर्यंत.
मग म्हणाला, "हौजकटोरा पाहून या मंग.
त्याच्या घरीबी कोनी जात नाई."

गावाबाहेर तुरीची खुंटं, चपलेला टोचणारी.
बांधावर आमच्याच खात्याचा दगड, कलंडलेला.
सरळ करायला वाकले
आणि आठवलं, आज सुट्टी.
तरी केला.

मग तो दिसला.
आठ बाजू, मजल्यावर मजला,
भोवती आटलेलं तळं.
कधीतरी इथे होडीनंच यावं लागत असेल.
मी पाण्याच्या जागेतून चालत गेले,
भेगाळ चिखलात
हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा चुकवत.

आत हाक मारावीशी वाटली,
पण कोणत्या नावानं?
नुसतंच "आहे का कोणी" म्हटलं.
पारवे उडाले, पुन्हा बसले.
सावलीत डबा उघडला.
सावली सरकली तशी मीही सरकले,
एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर.
मोजणी कुठे सुटली, कळलं नाही.

परतताना दरवाजापाशी
मुश्ताक दुसऱ्याच सायकलला भिडलेला.
मान वर न करता विचारलं,
"होता काय घरी?"

होता, म्हटलं.
जेवल्याशिवाय सोडलं नाही.