छाट

बावीस पानं झाली, तिला अजून नाव नाही.
नुसती 'ती' आहे.
सूप मांडीवर घेते, पान कापते,
चहा गार झाला म्हणून सुनेवर डाफरते,
आणि मी हाक मारायला गेलो
की पेन कोरडं.

कावेरी लिहून बघितलं.
ती एकदम कंबर सावरून चालायला लागली. खोडलं.
सुमन लिहिलं,
हाताचा तंबाखूचा वास गेला.
यल्लूबाई म्हटलं तर
वाचणारे पहिल्याच ओळीला कळवळणार,
ते मला नको.

मग पाट्या वाचत फिरलो दत्त नगरच्या बोळांतून,
भर दुपारी, माग खडखडत असताना.
उंबऱ्यावरच्या म्हातारीनं विचारलं,
एवरु कावाली? कोण पाहिजे?
नाव पाहिजे, म्हणालो.
कुणाचं?
ते पण माहीत नाही.
तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं.
उन्हाचं असं होतं माणसाला.

खरं तर मला नावांचं काय कौतुक.
आमच्या वर्गात सात सिद्धेश्वर होते.
मास्तर पेठेनं हाक मारायचे,
साखर पेठ, उभा राहा. मी उभा.
अजून रिक्षावाला ओरडला साखर पेठ, साखर पेठ,
तर मान वळते.

चौतीस वर्षं विडीच्या ब्रँचला कारकून होतो.
खिडकीशी रांग, टोपल्या,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं.
हजाराच्या हिशेबानं मोजून घ्यायचो, बोटानं दाबून.
बारीक, फुटकी, तोंड उघडं राहिलेली
बाजूला.
त्याला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.
छाट परतही मिळत नाही.

नावं पण तशीच घेतली मी.
राजमणी म्हणाली ती,
मी रजनी लिहिलं.
पंख्याचा आवाज होता, की घाई होती,
की माझ्या कानाला त्यातल्या त्यात ओळखीचं तेच वाटलं,
काय की.
रजनी दुडम. अंगठा झाला, शिक्का बसला.

एकतीस वर्षं रजनीच्या नावानं फंड कापला गेला
आणि राजमणीची पाठ वाकली.
पेन्शनच्या खिडकीत साहेब म्हणाला,
आधारवर तुम्ही राजमणी,
मग ही कोण बाई?

मीच हिंडलो तिच्याबरोबर. नोटरी, दाखले,
एकाच सहीसाठी तीन मंगळवार.
चौदा महिन्यांनी काम झालं.
तोवर एका शब्दानं बोलली नाही ती मला.
शेवटच्या दिवशी फक्त, रिक्षात,
पिशवी छातीशी धरून, बाहेर बघत म्हणाली,
ती रजनी असती
तर कशी असती ओ?

मी पार्क चौक येईपर्यंत गप्प.

वहीत आता तिच्यावर लाल रेघ आहे.
एकतीस वर्षांची हजेरी,
एक दिवस आजारी नाही,
गुडघे नाहीत, नवरा नाही, गाव नाही,
छाटीत गेलेलं एक नाव,
जे कुणाचंच नाही, म्हणून कुणाकडून काढून घ्यावं लागणार नाही.

काल रात्री तेविसाव्या पानावर ते लिहिलं.
तिनं सूप खाली ठेवलं
आणि रांगेत नंबर आल्यासारखी
पुढे सरकली.
आडनाव? मी विचारलं.
ऐकलं.
परत सांगा, म्हणालो. सावकाश.
पंखा बंद केला उठून.

राजमणीकडे जायचंय अजून.
वाचता येत नाही तिला,
मीच वाचून दाखवेन,
आणि रजनी आली की जरा थांबेन.
ती म्हणेल, नाही ओ,
अशी नसती ती.
म्हणेल ते लिहून घेईन.